नानांचा उजवा हात आणि पाच मिनिटांचा डाव

आमच्या घरात दोन बुद्धिबळं होती, एक नानांचं आणि एक माझं. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याला हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजांची जी रांग आहे, तिथे ते पेंटर होते. ट्रकच्या कपाळावर देवाचं नाव, दारावर मालकाचं नाव, मागच्या फाळक्यावर मोर, कमळ, नाहीतर एखादा शेर, हे सगळं नानांच्या हातचं. त्यांचं बुद्धिबळ त्यांनी स्वतःच एका पत्र्यावर रंगवलं होतं, लाल आणि पिवळं, कारण त्या दिवशी डब्यात तेवढेच रंग उरले होते. सोंगट्या रज्जाकचाचांनी बॉडीच्या उरलेल्या लाकडातून करून दिल्या होत्या. रज्जाकचाचा सुतार, बॉडी ते बांधायचे आणि रंग नाना द्यायचे. दुपारी दोघांनी डबे उघडून एकमेकांची भाजी खायची, आणि हात धुतले की पत्रा पसरायचा, असा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. हरवलेल्या प्याद्यांच्या जागी नट ठेवलेले असायचे. त्यांचा खेळ जुना, देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जायचं. राजाला शह बसलेला नसेल तर आख्ख्या डावात एकदा त्याला घोड्यासारखी उडी मारता यायची. आणि सगळ्यात मोठा मान प्यादेमातीचा. वजिराने कुणीही मारतो हो, प्याद्याने मारून दाखवा! त्यामुळे प्यादं म्हणजे नानांच्या जिवाचा तुकडा. एक प्यादं गेलं तरी संध्याकाळी जेवताना त्यांचा चेहरा उतरलेला दिसायचा आणि आई मला डोळ्यांनी खुणवायची की आज काही मागू नकोस.

घर गॅरेजांच्या मागेच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर जायला लोखंडी जिना, आणि गच्ची अशी की मे महिन्यात तिच्यावर पाय ठेवायचा तर देवाचं नाव घ्यावं. दिवसभर पत्रा ठोकल्याचे, रंधा मारल्याचे आवाज, आणि हायवेवरून ट्रकचे हॉर्न. पाहुणे यायचे ते म्हणायचे, कसे राहता इथे? आम्हाला उलट मामांच्या गावी गेलं की शांततेने झोप यायची नाही. नाना घरात शिरायच्या आधी टर्पेंटाइनचा वास शिरायचा. आई चुलीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी करायची. गॅस होता, पण भाकरी चुलीवरच, ते तिचं तिने ठरवून टाकलेलं. भाकरी तव्यावरून उतरली की त्यावर तेल आणि ठेचा, बाजूला कांदा, आणि थंडीच्या दिवसांत भरीत. भाजलेल्या वांग्याचा वास आला की शेजारच्या गॅरेजातला वेल्डरसुद्धा काहीतरी निमित्त काढून डोकावायचा. आई-नाना एकमेकांत अहिराणी बोलायचे आणि माझ्याशी शाळेतली मराठी, मुलगी शिकते आहे म्हणून. पण राग आला की दोघांची शाळा सुटायची. "वैशू, अभ्यास कर बाळा," हे मराठीत, आणि "तो मोबाईल फेकी दिसू मी!" हे अहिराणीत. त्यावरून मला हवामान कळायचं.

मोबाईल मात्र फेकण्यासारखाच मी वापरत होते, हे कबूल. मी तेव्हा बारावीत. नेट नुकतं स्वस्त झालेलं, आणि मला त्यात पाच मिनिटांचं बुद्धिबळ सापडलेलं. समोर कोण माणूस आहे माहीत नाही, कुठल्या देशाचा तेवढा झेंडा दिसतो. तुमची पाच मिनिटं, त्याची पाच मिनिटं, घड्याळ संपलं की हरलात. मला नानांसारखं तासन्‌तास हनुवटीला हात लावून बसणं जन्मात जमलं नसतं. माझा स्वभावच तापट, पाणी उकळायच्या आधी चहा मागणारा. त्यामुळे मी एका व्हिडिओवरून डॅनिश गॅम्बिट उचललं आणि त्याच्या प्रेमात पडले. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच आपणहून काहीतरी देऊन टाकायचं. समोरचा अधाशासारखा खात बसतो, तोवर आपण त्याच्या दारात जाऊन उभे. यात एकामागून एक प्यादी द्यायची. त्याने ती खाल्ली की आपले दोन्ही उंट मोकळे होतात आणि तिरके रोखून बघत बसतात, एक थेट राजाशेजारच्या त्या प्याद्याकडे, ज्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो. तिथे वजीर जाऊन बसला की खेळ खलास. कितीतरी डाव माझी भाकरी तव्यावर उलटायच्या आत संपायचे. जिंकले की मी पाटावरच नाचायचे आणि आई म्हणायची, "हिले काय भूत लागनं का व माय!" आज माझी लेक तिच्या खेळात जिंकली की अशीच किंचाळते, आणि मी तिला अगदी आईच्याच सुरात गप्प करते.

नानांना लकवा मारला तेव्हा ते शिडीवर होते. ट्रकच्या कपाळावर नाव लिहीत होते, अर्धं झालं होतं. ब्रश हातातून पडला, ते वाकून बघायला गेले की ब्रश का पडला, तर उजवा हात वाकेचना. रज्जाकचाचांनी त्यांना खांद्यावर घेऊन उतरवलं. दवाखाना लवकर गाठला म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते पुढे सरळ झालं. बोलणं जड झालं होतं, तेही सुटलं. पाय चालू लागला. राहिला हात. डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "हातात जोर आहे. बोटं हलतात. पण ते वापरणार नाहीत तर हात विसरून जाईल. सुरुवातीचे महिनेच कामाचे. कंटाळा करू देऊ नका." आम्ही दोघींनी मान हलवली. घरी आल्यावर कळलं की नानांना कंटाळा नव्हताच आला, त्यांना लाज वाटत होती. हात उचलला की तो थरथरायचा, पाण्याचा पेला धरला की अर्धं पाणी मांडीवर. ज्या हाताने जन्मभर एका दमात, पट्टी न लावता रेघा ओढल्या त्या हाताचा हा तमाशा त्यांना बघवेना. त्यांनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला. आईने कणकेचा गोळा दिला दाबायला, तर तो संध्याकाळी तसाच वाळलेला मिळायचा.

पण खरं दुखणं जेवणाचं होतं. डाव्या हाताने जेवायचं आमच्याकडे कुणी मनातही आणत नाही. लहानपणी माझा डावा हात ताटाकडे गेला तर नाना हळूच चापट मारायचे. आता तेच डाव्या हाताने जेवणार होते, आणि ते कुणी बघितलेलं त्यांना सहन होईना. म्हणून ते आमच्याबरोबर पंगतीला बसेनात. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, एकटे. मी चमचा नेऊन दिला तर म्हणाले, "भाकरी चमच्याने खातात का? अक्कल आहे का?" रज्जाकचाचा रोज दुपारी आपला डबा घेऊन यायचे. ते आले की नाना डोळे मिटून घोरायचं नाटक करायचे. चाचांना ते कळत नव्हतं असं थोडंच? पण ते उंबऱ्याशी बसून आईला म्हणायचे, "सो रहा है पेंटर? सोने दो, भाभी. मैं कल आता." आणि डबा न उघडता तसेच परत जायचे. मला नानांचा असा राग यायचा म्हणून सांगू! आणि त्याच वेळी त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे बघून रडूही यायचं. मला दुसरं काही नको होतं. त्यांनी तो टॉवेल काढावा आणि आमच्यात येऊन जेवावं, एवढंच.

मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून खेळायचे, कारण त्या खोलीत नेट बरं यायचं. एका दुपारी डोक्यामागून आवाज आला, "फुकट कसाले दिधं?" मी दचकलेच. दोन दिवसांत नानांच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. वळून बघते तर नाना उशीवरून मान उंचावून मोबाईलमध्ये बघत होते आणि त्यांचा चेहरा असा, की जणू मी घरातली भांडी भंगारवाल्याला देऊन आले आहे.

"दिलं मुद्दाम," मी म्हटलं.

"मुद्दाम? चांगलं धडधाकट प्यादं मुद्दाम? आणि हे बघ, दुसरंही!"

"थांबा ना नाना. बघा तरी."

बघता बघता वजीर राजाच्या उशाशी जाऊन बसला. जिंकले. मी मोठ्या ऐटीत मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. नाना ते बघून म्हणाले, "याला काय खेळ म्हणतात? समोरचा माणूस आत्ता कुठे चपला काढत होता. त्याला पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही, सरळ मारूनच टाकलं."

"मग? जिंकले की नाही?"

"जिंकलीस. पण घरंदाजपणे नाही."

मला इतकं हसू आलं की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. नाना चिडून भांडायला लागलेत हे बघून तिचाही चेहरा उजळला. त्या दिवसापासून आमचं रोज भांडण सुरू झालं. मी प्यादं दिलं की ते कपाळावर हात मारून घ्यायचे, अर्थात डावा. प्यादं दोन घरं चालतं यावर तर त्यांचा विश्वासच बसत नव्हता, ते म्हणायचे, पहिल्याच पावलाला उडी मारणारं प्यादं पुढे काय दिवे लावणार! पुढे पुढे ते स्वतःही एखादी चाल करू लागले, डाव्या हाताने. टॉवेल होता तिथेच होता.

आणि मग बिबड्यांचा दिवस आला. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशचे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात पहाटे उठून पीठ शिजवायचं आणि गच्चीवर ओल्या धोतरावर गोल गोल थापत जायचं. दुपार झाली तरी ते अजून कच्चेच होते. मी खाली नानांजवळ डाव मांडून बसलेली, प्यादी देऊन झालेली, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात नेलेला, आणि हल्ला ऐन रंगात. तेवढ्यात वरून आईची आरोळी आली. वारं सुटलं होतं, धोतराचं एक टोक उडून बिबड्यांवर पालथं पडत होतं. "वैशू! पय लवकर!" मी मोबाईल नानांच्या मांडीवर टाकला. "नाना, माझीच चाल आहे, सांभाळा," म्हणत जिना चढले. दोघींनी मिळून धोतर ताणलं, कडांना विटा ठेवल्या, चिकटलेले बिबडे सोडवले. आईच्या मते त्यातले निम्मे माझ्यामुळेच बिघडले होते.

आम्ही खाली उतरलो तर आतून नानांचा आवाज, "अरे जा ना! जा!" मी दारातून बघितलं. समोरच्याने दरम्यान उलटा डाव टाकला होता, त्याचा वजीर आणि उंट एका रेषेत आमच्या राजावर टपले होते, पुढच्या चालीला मात. पण अजून शह बसला नव्हता. आणि नानांनी काय केलं असेल? त्यांनी राजाची घोड्याची उडी राखून ठेवली होती! सगळा डाव त्यांनी त्या उडीच्या भरवशावर निवांत काढला होता. आता ते डाव्या बोटाने राजाला उचलत होते, अडीच घरं नेऊन ठेवत होते, आणि मोबाईल त्याला परत जागेवर आणून ठेवत होता. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. परत नेलं, तो परत आला. घड्याळ लाल होऊन पळत होतं. "डाव्याचं काय खरं शे," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि टॉवेल बाजूला करून त्यांनी उजवा हात बाहेर काढला.

मी पुढे पाऊल टाकणार तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला अजून पीठ होतं. उजवा हात थरथरत मोबाईलवर आला. तर्जनी बाहेर आली, बाकीची बोटं अर्धी मिटलेली. ती तर्जनी राजावर टेकली, आणि नानांनी त्याला हळूहळू, दात ओठ खात, ओढत ओढत त्या घरावर नेऊन सोडलं. राजा परत जागेवर. त्यांनी परत नेलं. तो परत आला. त्यांना वाटत होतं दोष हाताचा आहे, आणि म्हणून ते हाताला सोडत नव्हते. आईचे डोळे वाहायला लागले होते आणि तिने तोंडावर पदर दाबला होता. घड्याळ संपलं. डाव हरला. "राजा जाये ना!" नाना ओरडले. "बिघडी गया तुन्हा मोबाईल!"

मग त्यांनी आम्हाला बघितलं. आम्ही कुठे बघतोय ते बघितलं. आणि मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, जो मोबाईलवर अजून तसाच होता. मी जवळ जाऊन बसले आणि सांगितलं, की नाना, इथल्या राजाला ती उडी नसतेच, हा खेळच तसा नाही, तुमच्या हाताची काही चूक नव्हती. त्यांना आधी ते पटेचना. "एकदासुद्धा नाही?" "एकदासुद्धा नाही." "मग यांचा राजा करतो काय बिचारा?" मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम, आणि नाना मला म्हणत होते, "अगं, हरलो एक डाव, त्यात रडतेस काय येडी?" हात त्यांनी टॉवेलखाली परत नेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोबाईल मागितला आणि उजव्या हाताने खेळायला बसले. आता खरी पंचाईत. त्या हाताला एक चाल करायला इतका वेळ लागायचा, की डोक्यात सगळं बरोबर असूनही घड्याळ संपून ते हरायचे. बोट घसरायचं, भलतंच घर दाबलं जायचं, चांगला हत्ती फुकट मरायचा. एका आठवड्यात माझे खेळात मेहनतीने जमवलेले गुण असे कोसळले की मला नवशिक्यांमध्ये बसवलं गेलं. मैत्रिणी विचारायच्या, काय गं, तब्येत बरी नाही का? मी म्हणायचे, फार छान आहे. त्या गुणांवर माझा किती जीव होता ते माझं मला ठाऊक, पण ते जाताना बघून मला जो आनंद होत होता तसा ते मिळवताना कधी झाला नव्हता. मी नानांना म्हटलं, घड्याळ न लावता खेळू या की. तर नाही म्हणाले. "घड्याळ नसलं की हा आळस करतो," ते हाताकडे बघून म्हणाले.

मग एका सकाळी तेच बोलले. इकडे तिकडे बघत, जणू बाजारात जुनी उधारी मागायला आलेत, तसे. "वैशू, ते तुझं फुकट द्यायचं खूळ... ते कसं मांडतात?"

"कशाला? ते घरंदाज नाही ना?"

"जास्त बोलू नको. या हाताला पाच मिनिटांत जेवढ्या चाली होतात, तेवढ्यात मारलं तरच जिंकणार. लांबवलं की मेलो."

खरंच होतं ते. मला घाई होती म्हणून मी झटपट जिंकत होते. नानांचा हात सावकाश होता, म्हणून त्यांना झटपट जिंकायला हवं होतं. आयुष्यभर एक प्यादं न सोडणारा माणूस माझ्याकडून प्यादी देऊन टाकायला शिकला. पहिलं प्यादं देताना त्यांनी "घे बाबा, तुझं पोट भरो," म्हटलं ते अजून माझ्या कानात आहे.

त्या दुपारी रज्जाकचाचा नेहमीसारखे उंबऱ्याशी आले. नाना जागे, मोबाईलवर वाकलेले. चाचांना वाटलं आता डोळे मिटतील, म्हणून ते स्वतःच मागे वळायला लागले. नाना मान वर न करता म्हणाले, "बस रे. आवाज करू नको." चाचा डबा मांडीवर घेऊन बसले आणि त्यांची नजर त्या हातावर गेली. ते दाढीवरून हात फिरवत राहिले. प्यादी देऊन झाली होती. चाचांना राहवेना. "या अल्ला, पेंटर, प्यादे मुफ्त में? बुखार तो नहीं आया?" "गप," नाना म्हणाले. समोरच्याने एकेक करून सगळी खाल्ली होती. दोन्ही उंट बाहेर आले होते. नानांनी वजीर काढून पटाच्या मध्यात आणला, त्या बिनआधाराच्या प्याद्यावर रोखून. समोरच्याचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याने आपलं एक प्यादं सरकवून वजिरालाच धमकावलं. आता फक्त वजीर उचलायचा आणि त्या घरात ठेवायचा. तर्जनी वजिरावर टेकली. वजीर उजळला. आता दुसरा स्पर्श. बोट थरथरत निघालं. वाटेतल्या घरावर चुकून टेकलं असतं तर वजीर गेला असता आणि त्याच्याबरोबर डाव. घड्याळ लाल झालेलं. माझा हात पुढे जायला शिवशिवत होता. चाचा पुटपुटत काहीतरी म्हणत होते, देवाचंच असावं. बोट त्या घरावर हवेत थांबलं, हललं, परत जागेवर आलं, आणि टेकलं.

मात. मोबाईलने तो आपला टिंग आवाज केला. चाचांनी नानांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला, आणि मग दोघे म्हातारे लहान पोरांसारखे रडायला लागले. म्हातारे तरी कुठे? आज हिशेब केला तर नानांनी तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. आई चुलीपुढून धावत आली. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. "कोन जिकनं?" तिने घाबरून विचारलं. चाचा म्हणाले, "तेरा मरद जीता, भाभी. खाना निकाल. आज डिब्बा खोलेंगे."

आईने बाहेरच्या खोलीत पंगत मांडली. भाकरी, फोडणीची डाळ, कांदा, चाचांच्या डब्यातला खिमा-मटार मध्ये ठेवलेला. आम्ही तिघं बसलो आणि एक ताट तसंच राहिलं. कुणी हाक मारली नाही. नाना आतून उठून आले, भिंतीला धरून खाली बसले, आणि उजवा हात ताटात घातला. भाकरी तुटेना. डाव्याने धरून उजव्याने ओढली तेव्हा कुठे एक वेडावाकडा तुकडा निघाला. तो डाळीत बुडवून तोंडाकडे नेताना निम्मी डाळ सदऱ्यावर, थोडी सतरंजीवर, पण तुकडा तोंडात गेला. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो. चाचा तर कांद्याकडे असे बघत होते की जणू जन्मात कांदा पाहिला नाही. दुसऱ्या घासाला नानांचा हात जोरात थरथरला आणि डाळीची वाटीच कलंडली, पिवळी धार थेट आईच्या धुतलेल्या सतरंजीवरून तिच्या पायापर्यंत गेली.

दुखणं आल्यापासून आईने नानांना एक शब्द टाकून बोलल्याचं मला आठवत नाही. अहो-जाहो, हळू, बाळाशी बोलावं तसं. त्या नरमाईने घर कसं दवाखान्यासारखं झालं होतं. आता तिने त्या धारेकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून कडाडली, "डोया फुटनात का तुम्हना? बठ्ठी दाय सांडी टाकी! कालदिन धुयेल सतरंजी! आते कोन पुसी हाई, मी?"

नानांनी घास चावता चावता तिच्याकडे बघितलं. इतके खूश मी त्यांना कधीच बघितले नव्हते. "मीच पुसतो," ते म्हणाले, आणि रिकामी वाटी थरथरत्या हाताने तिच्यापुढे धरली. "आधी आणखी वाढ."